मदत हवी आहे : मोन्ते अल्बानची अर्ध्या दिवसाची सहल, आईला सोबत घेऊन

नमस्कार. येत्या डिसेंबरात मी आईसह मेक्सिकोतील वाहाका शहरात चार दिवस असणार आहे आणि जवळच्या डोंगरमाथ्यावरचे झापोतेक लोकांचे मोन्ते अल्बान हे प्राचीन नगर वाटाड्यासोबत पाहण्याची आमची मनापासून इच्छा आहे.

इसवी सनापूर्वी सुमारे ५०० मध्ये वसलेल्या या नगरातील ‘दान्सान्तेस’ (म्हणजे ‘नर्तक’) या माणसांच्या आकृती कोरलेल्या शिळांची छायाचित्रे आई पुन्हा पुन्हा पाहते. मिटलेले डोळे, उघडे तोंड, वेडेवाकडे हातपाय. पूर्वी ज्यांना नर्तक समजत, ते ठार केलेले युद्धकैदी असावेत, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. असे बारकावे थांबून, नीट उलगडून सांगणारा माणूस आम्हाला हवा आहे. मागे दुसऱ्या एका देशात अशाच सहलीत अवशेषांना जेमतेम चाळीस मिनिटे मिळाली आणि उरलेला वेळ गालिच्यांच्या दुकानात गेला, याची रुखरुख अजून आहे.

आईचे वय अडुसष्ट असून तिला उंच पायऱ्या चढवत नाहीत. खालच्या मुख्य चौकातूनच शिळा आणि बाणाच्या टोकासारखी ‘जे’ इमारत नीट पाहता येते का? इंग्रजी बोलणारा वाटाड्या प्रवेशद्वारापाशी मिळतो, की शहरातूनच ठरवून जावे? सात क्रमांकाच्या थडग्यात १९३२ साली सापडलेला सोन्याचा ठेवा शहरातील सांतो दोमिंगो संग्रहालयात आहे. तो आधी पाहावा की नंतर? वयस्कर मंडळींना घेऊन जाऊन आलेल्यांनी कृपया अनुभव सांगावा.