मदत हवी आहे: एकाच वर्षाच्या जन्मांचे तीन सरकारी आकडे, ताळमेळ कसा बसवावा?

नमस्कार मंडळी,

मी सरकारी सांख्यिकी कार्यालयात आहे. काही महिन्यांपासून इतर खात्यांशी समन्वयाचं काम माझ्याकडे आलंय आणि मी खरंच अडकले आहे.

प्रश्न साधा वाटेल: एका वर्षात किती मुलं जन्मली? आरोग्य खातं एक आकडा देतं, जन्मनोंदणी कार्यालय दुसरा, आम्ही तिसरा. तिन्ही अधिकृत. तिन्ही तक्ते शेजारी ठेवून ओळ न् ओळ तपासली तेव्हा लक्षात आलं की चूक कोणाचीच नाही. आरोग्य खातं प्रसूती मोजतं. जुळी झाली तरी प्रसूती एकच, आणि बाळ मृत जन्मलं तरी ती मोजली जाते. नोंदणीवाले नोंद झाली ते वर्ष धरतात, म्हणून २९ डिसेंबरला जन्मलेलं आणि जानेवारीत नोंदवलेलं बाळ पुढच्या वर्षात जातं. आम्ही आई नेहमी जिथे राहते ते ठिकाण धरतो. त्यामुळे मोठं प्रसूती रुग्णालय असलेल्या शहराचा आकडा त्यांच्या तक्त्यांत फुगतो आणि आसपासच्या गावांचा आटतो. उद्या त्या आकड्यावरून लशी वाटल्या, तर बाळ जिथे वाढतंय तिथेच त्या कमी पडतील. मला याचीच काळजी आहे.

तीन बैठका झाल्या. तिन्ही इतिवृत्तांत शेवटी तेच वाक्य: ‘समन्वय वाढवण्यात यावा.’ प्रत्येक जण आपापला आकडा घेऊन आला आणि तोच घेऊन परत गेला.

संयुक्त राष्ट्रांची अधिकृत सांख्यिकीची मूलभूत तत्त्वं मी बैठकीत मांडली. सांख्यिकी आयोगाने ती १९९४ मध्ये स्वीकारली, २०१४ मध्ये महासभेने त्यांना मान्यता दिली, आणि आठवं तत्त्व थेट देशांतर्गत संस्थांच्या समन्वयाबद्दलच आहे. सगळ्यांनी मान डोलावली. पण तत्त्व दाखवून कोणी नोंदी हातात देत नाही. वैयक्तिक नोंदी मागितल्या की ‘गोपनीयता’ म्हणून विषय संपतो. आम्हाला कोणाला आदेश देण्याचा अधिकार नाही. मग सुरुवात कुठून करू? आधी कायदा हवा, की सामंजस्य करारावर काम भागतं? कोणी हे प्रत्यक्ष केलंय का?

प्रतिसाद १

ताई, मी बरीच वर्षं नोंदणीच्या बाजूने अशा बैठकांना बसलो आहे. ‘एकच आकडा ठरवा’ असं म्हणालात की समोरचा पहिल्या मिनिटाला बचावात जातो, कारण त्याला ऐकू येतं की त्याचा आकडा रद्द होणार. ते म्हणूच नका. त्याऐवजी ताळमेळाचा तक्ता मांडा. आरोग्य खात्याच्या प्रसूतींपासून सुरू करा. जुळ्या-तिळ्यांची जादा बाळं मिळवा, मृत जन्म वजा करा, खात्याच्या अहवालात न आलेले घरचे जन्म मिळवा. नोंदणीच्या आकड्यातले उशिरा नोंदलेले जन्म त्यांच्या खऱ्या वर्षात परत न्या. शेवटी बाहेरगावच्या आयांची बाळं त्यांच्या गावात हलवा. प्रत्येक पायरीसमोर ती भरणाऱ्या कार्यालयाचं नाव लिहा. रिकामी राहिलेली पायरी आपोआप दिसते, आणि पुढच्या बैठकीत फक्त तिच्यावरच बोलायचं.

आणि शीर्षकं बदलून घ्या. तिघेही ‘जन्म’ लिहितात तोवर भांडण संपणार नाही. ‘प्रसूती’, ‘त्या वर्षी नोंदलेले जन्म’, ‘राहण्याच्या ठिकाणानुसार जिवंत जन्म’ अशी लिहिली की निम्मा वाद तिथेच मिटतो. याला ना कायदा लागतो, ना पैसा.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण गोपनीयतेची शंका खरी आहे, ती टाळू नका. सहावं तत्त्व सांगतं की सांख्यिकीसाठी गोळा केलेली वैयक्तिक माहिती काटेकोरपणे गोपनीय राहावी आणि फक्त सांख्यिकीसाठीच वापरावी. म्हणून करारात प्रवाह एकाच दिशेचा ठेवा: नोंदी तुमच्याकडे येतील, तुमच्याकडून परत जाईल ते फक्त बेरजांचं कोष्टक, कोणा एका आईची माहिती नाही. नावं काढून त्यांच्या जागी संकेतांक घालण्याचं काम कोण करणार, नोंदी किती दिवस ठेवणार, कोण उघडू शकणार, हे सगळं नावानिशी लिहा.

कायदा लागतोच, पण त्यासाठी थांबू नका. युरोपातली सांख्यिकी आचारसंहिता २००५ ची. तिथेही समन्वयाचं स्वतंत्र तत्त्व तिच्यात आलं ते बारा वर्षांनी, २०१७ च्या सुधारणेत. डेन्मार्कने १९८१ ची जनगणना पूर्णपणे नोंदवह्यांवरून केली, कारण १९६८ पासून प्रत्येक व्यक्तीला एकच क्रमांक होता आणि सगळी खाती तोच वापरत होती. तुमच्याकडे तसा समान क्रमांक नसेल, तर निदान गावांचे संकेतांक तिन्ही ठिकाणी सारखे आहेत का, हे आधी पाहा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आत्ताच संकेतांक ताडून पाहिले. आरोग्य खात्याची यादी जुनी आहे, मध्यंतरी विभागलेली गावं तिच्यात अजून एकत्रच आहेत. म्हणजे शेवटची पायरी आज भरताच येणार नाही. उद्या त्यांना आमची अद्ययावत यादी पाठवते आणि तक्त्याच्या पहिल्या तीन पायऱ्या त्यांच्यासोबत बसून भरते. एक विचारायचं राहिलं: मृत जन्मांची वेगळी नोंद रुग्णालयाच्या मासिक अहवालात नसेल, तर ती कुठल्या रजिस्टरमधून घेता?