उच्च तापमान अतिवाहक फिती: थर जाड करणे हा मार्ग योग्य आहे का?

धागालेखक:
इट्रियम बेरियम कॉपर ऑक्साईड या अतिवाहकाचा, म्हणजे पुरेसा थंड केल्यावर विद्युतरोध शून्य होणाऱ्या पदार्थाचा, फितीवरील थर जाड केला की विद्युतधारा त्या प्रमाणात वाढेल, हे गृहीतक मला मान्य नाही. 77 केल्विनला (द्रव नायट्रोजनच्या तापमानाला), बाह्य चुंबकीय क्षेत्र नसताना, अर्ध्या मायक्रॉनहून पातळ असा उत्तम थर दर चौरस सेंटिमीटरला 30 ते 40 लाख अँपिअर वाहून नेतो. जाडी काही मायक्रॉनवर गेली की ही क्रांतिक घनता (अतिवाहकता न मोडता दर चौरस सेंटिमीटरमधून जाऊ शकणारी कमाल धारा) साध्या थरात बहुधा 10 लाखांच्या आसपास उतरते. 1 सेंमी रुंदीच्या फितीत 1 मायक्रॉनला 30 लाखांच्या घनतेने 300 अँपिअर मिळाले, तर 10 लाखांवर आलेल्या 4 मायक्रॉनमधून 400च मिळतील. चौपट माल घालून मिळकत फक्त एक तृतीयांश, म्हणून प्रयत्न पातळ थराच्या गुणवत्तेवरच व्हावेत.

पहिला प्रतिसाद:
आकडेमोड बरोबर आहे, निष्कर्षाशी मात्र मी असहमत आहे. आपण भाजक चुकीचा घेतला आहे. हा थर सुमारे 50 मायक्रॉनच्या निकेल-मिश्रधातूच्या पट्टीवर बसतो, वर तांब्याचे आवरण येते. चुंबक बांधणाऱ्याला संपूर्ण फितीच्या छेदातून किती धारा जाते तेच महत्त्वाचे असते. तीन मायक्रॉन वाढल्याने फितीची जाडी जवळजवळ तेवढीच राहते, पण वरचे 100 अँपिअर पूर्णपणे पदरात पडतात.

दुसरा प्रतिसाद:
घसरण हा पदार्थाचा अटळ गुणधर्म आहे, असे दोघेही धरून चालला आहात. क्रांतिक धारा म्हणजे चुंबकीय भोवरे (अतिवाहकात शिरलेल्या चुंबकीय क्षेत्राचे बारीक धागे, जे हलले की रोध निर्माण होतो) जागेवर अडकून राहण्याची मर्यादा, आणि आधाराला लागून असलेल्या भागात स्फटिकजाळी नीट न जुळल्यामुळे निर्माण होणारे दोष हे भोवरे फार चांगले धरून ठेवतात. वर जावे तसे ते दोष विरळ होतात, शिवाय थर जाड होताना पृष्ठभाग खडबडीत होतो आणि आडवे वाढलेले कणही शिरतात. अमेरिकेतील लॉस अलामॉसच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने मध्ये मध्ये सेरियम ऑक्साईडचे पातळ पडदे घालून तोच लाभदायक संधिपृष्ठ पुन्हा पुन्हा निर्माण केला आणि 2005 पर्यंत दर सेंटिमीटर रुंदीला 1000 अँपिअरची मर्यादा ओलांडली.

धागालेखक:
संपूर्ण छेदाचा मुद्दा मी स्वीकारतो. पडदे घातलेले थर प्रयोगशाळेत सिद्ध झाले, हेही खरे. परंतु शेकडो मीटर लांबीच्या फितीत प्रत्येक पडदा निर्दोष बसवणे म्हणजे जोखमीची आणखी एक पायरी आहे, आणि एका जागी घनता कोसळली तर त्या लांबीभर तेवढीच धारा सुरक्षित मानावी लागते. त्यापेक्षा बेरियम झिर्कोनेटचे नॅनोस्तंभ (काही नॅनोमीटर जाडीचे उभे खांब) थराबरोबरच वाढवून भोवरे संपूर्ण जाडीभर अडवणे मला अधिक आश्वासक वाटते, विशेषतः जिथे फीत तीव्र चुंबकीय क्षेत्रात वापरायची आहे.