मदत हवी आहे : कुलचिन्हांतील प्राण्यांच्या पवित्र्यांसाठी मराठी शब्द

नमस्कार. इंग्लंड आणि स्कॉटलंड येथील कुलचिन्हांवर मी मराठीत एक दीर्घ लेख लिहीत असून, ढालीवरील प्राण्यांच्या पवित्र्यांना नावे देताना जाणकारांची मदत हवी आहे.

स्कॉटलंडच्या राजचिन्हातील सिंह मागच्या पायांवर उभा राहून पंजे उगारतो, त्याला रॅम्पंट म्हणतात. तर पहिल्या रिचर्डच्या ११९८ च्या सुमाराच्या राजमुद्रेपासून इंग्लंडच्या ढालीवर दिसणारे तीन सिंह पुढचा एक पंजा उचलून चालत असतात आणि तोंड मात्र पाहणाऱ्याकडे वळवतात, म्हणून ते पॅसंट गार्डंट. धडाची ठेवण आणि मानेचे वळण यांना स्वतंत्र शब्द असल्यामुळे केवळ वर्णन वाचून चित्रकार ढाल पुन्हा रंगवू शकतो. हा काटेकोरपणा मराठीत टिकावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

बसलेला किंवा निजलेला सिंह सोपा आहे. अडचण येते ती सेलियंटपाशी, कारण त्यात मागचे दोन्ही पाय जमिनीवर आणि पुढचे दोन्ही एकत्र उचललेले असतात. त्याला ‘झेपावणारा’ म्हटले, तर रॅम्पंटला काय म्हणावे? शिवाय हरणाची परिभाषा निराळीच आहे : चालणारे हरीण पॅसंट नव्हे, ट्रिपंट, आणि उभे राहून आपल्याकडे पाहणारे, ॲट गेझ. मराठीतही सिंह आणि हरीण यांच्यासाठी वेगळे शब्द योजावेत का, आणि आपल्या मूर्तिशास्त्रातील कोणते शब्द येथे अर्थाला धक्का न लावता वापरता येतील?