ऐन सीझनमध्ये घर घ्यावं की थांबावं? तीन घरं हातातून गेली, चौथ्यासाठी परवापर्यंत उत्तर द्यायचंय

घरशोधात
नमस्कार मंडळी, जरा घाईतच विचारतेय. मी आणि नवरा चार महिने घर शोधतोय, आमचं पहिलंच घर. सध्या शाळांच्या सुट्ट्यांच्या आधीचा सीझन आहे, सगळ्यांना शाळेचं नवीन वर्ष सुरू व्हायच्या आत शिफ्ट व्हायचंय त्यामुळे नुसती झुंबड आहे. पहिलं घर शनिवारी बघितलं, रविवारी घरी बसून विचार केला, सोमवारी फोन केला तर गेलेलं. दुसऱ्याला मागितली तेवढी किंमत द्यायला तयार झालो, तर म्हणे सात ऑफर आल्यात. तिसऱ्याला चार टक्के वर गेलो तरी हरलो, त्या रात्री मला खरंच रडू आलं.

आता चौथं आवडलंय. एजंट म्हणतो दहा टक्के वर जा आणि घराच्या तपासणीची अट (दोष निघाला तर माघार घेता येईल ही) काढून टाका, तरच चान्स आहे. परवा संध्याकाळपर्यंत सांगायचंय. नवरा म्हणतो सीझन संपेपर्यंत थांबू, सासूबाई म्हणतात भाव काय कमी होणार आहेत का, घेऊन टाका. भाड्याच्या घराचा करार अजून 7 महिने आहे. बँकेत तोंडी बोलणं झालंय, कागद दिलेले नाहीत. काय करावं?

जुना हिशोब
ताई, आधी एक कोरा कागद घ्या. मागितलेली किंमत 100 धरा. डाउन पेमेंटला तुमच्याकडे 20 आहेत, म्हणजे कर्ज 80. आता 110 ला घेतलं तर तुमचे 20 काही वाढत नाहीत, वरचे सगळे 10 कर्जात जातात, कर्ज होतं 90. किंमत वाढली दहा टक्के पण हप्ता वाढला साडेबारा टक्के. आणि 20 वर्षांचं कर्ज 8 टक्क्यांनी घेतलं तर एकूण परतफेड मुद्दलाच्या साधारण दुप्पट होते, म्हणजे आज बोलीत वाढवलेला एक रुपया तुम्ही बँकेला दोन करून देणार आहात. एजंटला हा हिशोब तुमच्यासाठी करायचा नसतो, त्याचं कमिशन व्यवहार झाला तर मिळतं, तो माणूस वाईट असेल असं नाही पण त्याची घाई आणि तुमची घाई वेगळी आहे.

दुसरं, आणि इथे खूप लोक अडकतात. बँक कर्ज देते ते स्वतःच्या व्हॅल्युएशनवर, तुम्ही कितीला ठरवलंत त्यावर नाही. समजा तुम्ही 110 ला हो म्हणालात आणि बँकेच्या माणसाने घराची किंमत 102 काढली, बँक 80 टक्के देते, तर हातात येतात 81.6. उरलेले 28.4 तुमच्या खिशातून, आणि तुमच्याकडे आहेत 20. वर नोंदणी, वकील, सामान हलवणं हे वेगळंच. अशा वेळी माणसं नातेवाइकांकडे हात पसरतात किंवा पर्सनल लोन काढतात किंवा टोकन, म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम, बुडवून बसतात. म्हणून तोंडी बोलण्यावर ऑफर देऊ नका, पगाराच्या स्लिपा आणि बँक स्टेटमेंट उद्या सकाळीच देऊन या आणि मंजुरीचं पत्र किती दिवसांत मिळेल ते विचारा.

आता दहा टक्के वर जाणं महाग आहे की नाही, हे मागितलेल्या किमतीवरून कळतच नाही. काही मालक गर्दी जमावी म्हणून मुद्दाम कमी आकडा लावतात, तिथे 110 सुद्धा वाजवी असू शकतं. काही जण आधीच वाढवून लावतात. त्याच भागातली, साधारण तेवढीच, तेवढ्याच वयाची घरं गेल्या 3 ते 6 महिन्यांत प्रत्यक्ष कितीला विकली गेली ते शोधा, जाहिरातीतले आकडे सोडून द्या. पाच-सहा व्यवहार मिळाले तरी अंदाज येतो. त्यावरून तुमचा वरचा आकडा ठरवा, दोघांनी कागदावर लिहून सही करा, आणि मग फोन वाजल्यावर तो बदलायचा नाही. 1971 मध्ये केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तेल कंपनीतल्या तीन इंजिनिअरांनी समुद्रातल्या तेलाच्या लिलावांवर लिहिलं होतं की बोली लावणारे जितके जास्त तितकी जिंकणाऱ्याने किंमत जास्त धरलेली असण्याची शक्यता जास्त. सात ऑफर असलेल्या घराला हे अगदी तसंच लागू होतं. तिसरं घर गेलं म्हणून रडू आलं ते समजतं, आम्हीही त्यातून गेलोय, पण ज्याला ते मिळालं त्याने काय मोजलं हे आपल्याला माहीत नाही ना.

ओलीची भिंत
तपासणीची अट काढू नका. बाकी काहीही सोडा, ही नको.

आम्ही सोडली होती, अशाच सीझनमध्ये, अशाच घाईत. घर सुंदर, ताजा रंग, मोठं लाकडी कपाट फुकटात ठेवून जातो म्हणाले. पहिल्याच पावसात कपाटामागून वास यायला लागला, हलवून बघितलं तर अख्ख्या भिंतीला ओल आणि पोपडे, आतली पाइप कित्येक महिने गळत होती. भिंत फोडून पाइप बदलेपर्यंत वर्षभराची बचत संपली आणि मुलाला दम्याचा त्रास होता त्यामुळे दोन महिने बाहेर राहावं लागलं. कोणाकडे मागणार, अट आम्हीच काढलेली.

तुम्हाला मालकाला वेग दाखवायचाय ना, तर तपासणी ऑफरच्या आधी करून घ्या. दुसऱ्यांदा घर बघायला जाल तेव्हा तपासणारा माणूस सोबत न्या. घर नाही मिळालं तर त्याची फी वाया जाते, जाऊ दे. किंवा ऑफरमध्ये लिहा की तीन दिवसांत तपासणी उरकतो, किरकोळ दुरुस्तीवरून किंमत पाडून मागणार नाही, पण मोठा दोष निघाला तर इसार, म्हणजे टोकनची रक्कम, परत घेऊन बाहेर पडू. स्वतः पण बघा, एकाच भिंतीला नवा रंग का, सगळे नळ एकदम सोडल्यावर पाण्याचा जोर टिकतो का, रात्री दहाला तिथे आवाज किती असतो. आणि वकिलाकडून मालकी आणि बोजा, म्हणजे घरावर आधीचं कर्ज वगैरे, तपासल्याशिवाय मोठी रक्कम देऊ नका, तिथे सीझन-बीझन काही नाही.

दोन ऋतू
थांबण्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. सीझनला भाव चढतो हा नुसता समज नाहीये. रेचल न्गाई आणि सिल्व्हाना तेनरेरो यांचा 2014 चा अभ्यास आहे, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या घरांवर, दरवर्षी एप्रिल ते सप्टेंबरच्या सहा महिन्यांत व्यवहार आणि किमती दोन्ही नेहमीच्या चढापेक्षा जास्त वाढतात आणि उरलेल्या सहा महिन्यांत मंदावतात. त्यांनी कारण दिलंय ते मला फार पटलं. बाजारात घरं जास्त असली की मनासारखं घर सापडायची शक्यता वाढते, म्हणून लोक जास्त पैसे द्यायला तयार होतात, म्हणून विकणारेही तेव्हाच येतात, आणि गर्दी स्वतःलाच वाढवत जाते.

याचा उलटा अर्थ असा की मंदीच्या महिन्यांत स्पर्धा कमी पण निवडायला घरंही कमी. तुम्हाला अमुकच मजला, अमुकच शाळेजवळ असं हवं असेल तर थांबून ते मिळेलच असं नाही. पण त्या काळात विकणाऱ्याला बऱ्याचदा खरी गरज असते, बदली, वाटणी, दुसरं घर आधीच घेतलेलं, आणि तो बसून बोलतो. माझं स्वतःचं घर तसंच मिळालं, सीझनमध्ये जास्त किंमत लावून न विकलेलं, अडीच महिने पडून होतं, मालक कंटाळला होता. मागितल्यापेक्षा सहा टक्के कमी, तपासणीला आठवडा, वर पडदे पण ठेवून गेले.

सासूबाईंचंही अगदी चूक नाही, थांबायला खर्च आहे. भाडं जातंच, आणि मधल्या काळात व्याज 8 चं 9 झालं तर 20 वर्षांच्या कर्जाचा हप्ता साधारण साडेसात टक्क्यांनी वाढतो, म्हणजे किमतीत वाचवलं ते तिकडे गेलं. पण तुमच्याकडे 7 महिन्यांचा करार आहे, डोक्यावर छप्पर आहे, आज रात्री कुठे जायचं हा प्रश्न नाही. हीच तुमची ताकद आहे. शोध थांबवू नका, फक्त या एका घराला शेवटचं घर समजू नका.

घरशोधात
सगळ्यांचे मनापासून आभार, नवऱ्यालाही वाचायला दिलं. काल रात्री बसून जुने व्यवहार शोधले, सहा मिळाले. त्यावरून आमचा आकडा 104 येतोय, 110 नाही. कागदावर लिहून दोघांनी सही केली. कागदपत्रं बँकेत दिली, पत्र चार दिवसांत देतो म्हणाले. पण 104 वर आणि तपासणीसकट आम्ही टिकणार कसे? पैशाशिवाय मालकाला काय देता येतं?

जुना हिशोब
त्याला काय हवंय ते विचारा की, एजंटला सरळ फोन करून. सीझनमध्ये विकणाऱ्यांची पण मुलं शाळेत असतात, बऱ्याच जणांना व्यवहार लवकर पण ताबा उशिरा द्यायचा असतो. तुमचा करार 7 महिन्यांचा आहे, तुम्ही दीड-दोन महिने आरामात थांबू शकता, आणि ज्याला लगेच राहायला यायचंय तो 110 वाला कदाचित नाही थांबू शकणार. तेवढे दिवस मालकाला राहू द्या, फक्त लेखी करा, तारीख आणि त्यानंतर रोजचं भाडं किती ते लिहा. टोकन थोडं जास्त दिलं तरी चालेल, मात्र तपासणीत मोठा दोष निघाला, कागदांत बोजा निघाला किंवा कर्ज नाकारलं तर ते परत मिळेल हे त्याच कागदावर हवं. आणि बँकेचं पत्र आल्याशिवाय टोकनही नको, तोवर ऑफरला बँकेत कागद दिल्याची पोच तरी जोडा.

घरशोधात
विचारलं. मुलाची परीक्षा आहे, त्यांना सात आठवडे हवेत आणि आधीच्या दोन ऑफरवाल्यांनी लगेच ताबा मागितलाय! 104, सात आठवडे राहण्याची मुभा आणि तपासणी, असं लिहून पाठवतोय, वर जाणार नाही हे पण सांगितलंय. उत्तर परवा, पण घर बघायला परत यायला हो म्हणाले, म्हणून तपासणीवाल्यांना उद्या अकराला बोलावलंय. कपाटं हलवून बघू द्याल का असंही विचारून ठेवलंय.