केळीच्या सीएमव्हीवर संशोधन आणि शिवारफेऱ्या: सीएसआर अनुदानाचा प्रस्ताव कसा मांडावा?

प्राध्यापक_रावेर
आमचं अनुदानित वरिष्ठ महाविद्यालय खासगी संस्थेचं आहे, विद्यापीठ जळगावचं. एका कंपनीच्या फाउंडेशनने सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतून, 12 लाखांपर्यंतचा प्रस्ताव मागवलाय. रावेर-यावलच्या 24 गावांत सीएमव्हीचं (कुकुंबर मोझॅक व्हायरस, केळीवरचा विषाणूरोग) सर्वेक्षण, नमुने तपासणी आणि शेतकऱ्यांसाठी शिवारफेऱ्या असं एकत्र काम आहे. पैसे संस्थेच्या खात्यात घ्यावेत की विद्यापीठाच्या? बजेटमध्ये हमखास काय राहून जातं?

हिशेबनीस_धुळे
सर, खात्याआधी कंपनी कायदा 2013 ची अनुसूची 7 बघा, सीएसआरचा पैसा कुठल्या कामांना चालतो त्याची यादी तिथे आहे. संशोधनाच्या कलमात सरकारी निधीवर चालणारी विद्यापीठं येतात, खासगी संस्थेचं महाविद्यालय त्यात सहज बसत नाही. शिवारफेऱ्या मात्र शिक्षण किंवा ग्रामविकासात बसतात. म्हणून करार तिघांचा करा: तपासणीचा खर्च विद्यापीठाकडे, गावातलं काम संस्थेकडे. एकाच रकमेत सगळं लिहिलं की कंपनीचा ऑडिटर तिथेच अडवतो.

संस्थेला 12ए आणि 80जी (आयकर खात्याकडच्या नोंदण्या), तीन वर्षांचं काम आणि सीएसआर-1 (सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची कंपनी मंत्रालयाकडची) नोंदणी लागते. राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला 12ए-80जीची अट नाही, पण सीएसआर-1 त्यालाही चुकत नाही. हा क्रमांक हातात नसताना पैसे मागू नका.

करारातलं एक वाक्य नीट वाचा. 'सर्व माहितीची मालकी कंपनीची' असं असेल तर अनुदान न मानता सेवा मानली जाऊ शकते आणि 18% जीएसटीचा वाद उभा राहतो.

प्राध्यापक_रावेर
धन्यवाद. प्रशासकीय खर्च 5 टक्क्यांच्या वर धरायचा नाही असं ऐकलंय, ते बरोबर का?

हिशेबनीस_धुळे
ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या कारभारावर आहे. प्रकल्प सहायकाचा पगार, गाडी, छपाई हा प्रकल्पाचा थेट खर्च. फाउंडेशनची वेगळी अट असेल तर ती करारात सापडेल.

केळीपट्टा
पैशापेक्षा हंगाम चुकतो, तिकडे लक्ष द्या. सीएमव्हीचा जोर जुलै-ऑगस्टच्या ढगाळ, रिमझिम पावसात. पहिला हप्ता ऑक्टोबरात आला तर वर्ष हातचं गेलं. करारात 'बहुवर्षीय प्रकल्प' असा स्पष्ट उल्लेख घ्या, आणि पहिला हप्ता मे अखेर मागा.

सहायक 12 महिने × 25,000 म्हणजे 3 लाख. 24 गावांत प्रत्येकी दोन फेऱ्या, फेरीला गाडीचे 2,500 धरले तर 1 लाख 20 हजार. तपासणीचा दर प्रयोगशाळेकडून लेखी घ्या. राहून जातात ते शीतपेटी, बर्फ, नमुना पाठवण्याचा खर्च आणि सनदी लेखापालाची फी.

नमुना पोंग्याजवळच्या (मधल्या, अजून गुंडाळलेल्या पानाजवळच्या) नुकत्याच उघडलेल्या पानाचा घ्या. पिशवीवर पेन्सिलीने लिहा, बर्फाच्या पाण्यात शाई पसरते आणि मग कुठल्या शेताचं पान हेच कळत नाही. लोहाच्या कमतरतेनेही पानावर पिवळे पट्टे येतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी 'बाधित' लिहू नका.

पत्रकाची भाषाही बघा. खान्देश म्हणजे अहिराणी, असं धरून चालू नका. रावेर-यावलच्या बऱ्याच गावांत लेवा गणबोली बोलतात, पाड्यांवर पावरी. मोठा फोटो आणि तीन ओळी पुरेत: रोगट झाड कंदासकट उपटून नष्ट करा, रोग पसरवणारी मावा कीड आटोक्यात ठेवा, बागेत काकडी-भोपळ्याचं आंतरपीक घेऊ नका. फोटो तुमच्या सर्वेक्षणातलाच लावा, शिवार ओळखीचं दिसलं की माणूस थांबून वाचतो. कापणी सकाळी असते, म्हणून बैठक संध्याकाळी पारावर ठेवा.

तापीकाठ
पालचं कृषी विज्ञान केंद्र आणि जळगावचं केळी संशोधन केंद्र यांची सहमतीची पत्रं प्रस्तावाला जोडा. अहवालात उपस्थितीच्या सह्या दाखवून भागत नाही. पहिल्या फेरीत सांगितलेली किती रोगट झाडं दुसऱ्या फेरीपर्यंत उपटली गेली, हा आकडा गावनिहाय द्या. त्यासाठी पहिल्याच दिवशी झाडाला रिबीन बांधा.