श्रीलंका : वृद्ध आईसह आठ दिवसांत समुद्र आणि प्राचीन अवशेष कसे पाहावेत?

प्रश्न (शेतकरी, मंगरूळपीर तालुका, जि. वाशीम)

सर्वांना जय भीम व नमस्कार. माझी आई ६८ वर्षांची असून तिने आजवर समुद्र पाहिलेला नाही. दरवर्षी ती दीक्षाभूमीवर जाते. तेथील बोधिवृक्ष भदंत आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतील अनुराधापूरहून आणलेल्या फांद्यांपासून वाढला आहे हे तिला ठाऊक असल्यामुळे, त्या मूळ वृक्षाचे दर्शन घ्यावे अशी तिची फार दिवसांची इच्छा आहे. मुलांना मात्र समुद्रकिनारा हवा आहे. आमच्याकडे सोयाबीनची सोंगणी दिवाळीच्या आगेमागे उरकते, कापूस आणि तूर जानेवारीपर्यंत पुरतात आणि फेब्रुवारीच्या अखेरीस हरभरा काढणीला येतो. अशा स्थितीत दिवाळीच्या सुट्टीत जावे की उन्हाळ्यात? आईचे गुडघे दुखतात, हेही लक्षात घेऊन कृपया सांगावे.

उत्तर (निवृत्त इतिहास शिक्षक, कारंजा लाड)

दादा, दिवाळीत जाऊ नये. त्या देशात दोन वेळा पावसाळा येतो : मे ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे पश्चिम व दक्षिण किनारा झोडपतात, तर डिसेंबरपासून ईशान्येचे वारे पूर्व किनाऱ्यावर पाऊस आणतात. मधल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बहुतेक सगळीकडे गडगडाटी पाऊस असतो. तूर घरात आली आणि हरभरा अजून उभा आहे असा फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा आपल्याला मिळतो, आणि नेमका तेव्हाच दक्षिणेचा समुद्र शांत असतो. मुलांची शाळा थोडी बुडेल, पण माझ्या मते ते सोसावे. ते शक्यच नसेल तर मे महिन्यात पूर्व किनाऱ्यावरील त्रिंकोमालीजवळचा निलावेली किनारा निवडावा.

सिगिरिया या प्राचीन खडकावरच्या राजवाड्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण वाशीमच्या माणसाने ते पाहण्याला विशेष अर्थ आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात राजा काश्यपाने त्या प्रचंड खडकावर राजवाडा बांधला आणि कड्याच्या कपारीत स्त्रियांची रंगीत चित्रे काढवून घेतली. साधारण त्याच सुमारास आपल्या वत्सगुल्मावर, म्हणजे आजच्या वाशीमवर, वाकाटक राजा हरिषेणाची सत्ता होती आणि त्याचा मंत्री वराहदेव अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरवून घेत होता. शेजारच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात तर बौद्ध कथेतल्या सिंहल नावाच्या नायकाच्या लंकेवरील स्वारीचे चित्रच आहे. मुलांना आधी अजिंठा दाखवून मग तिकडे नेले तर त्यांना दोन्ही चित्रांतले नाते आपोआप दिसेल.

सिगिरियाला सुमारे १२०० पायऱ्या आहेत, त्यामुळे आईंनी खालच्या जलोद्यानातच थांबावे. मुलांनी सकाळी लवकर चढावे. चित्रांचे छायाचित्र काढण्यास मनाई आहे.

उत्तर (गृहिणी, दर्यापूर तालुका, जि. अमरावती)

आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो, म्हणून अनुभवाचे सांगते. नागपूरहून रेल्वेने चेन्नई आणि तेथून विमानाने कोलंबो, हा मार्ग आम्हाला सोयीचा पडला. व्हिसाचे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत, त्यामुळे एजंटाच्या तोंडी माहितीवर न राहता तेथील सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहूनच अर्ज करावा.

अनुराधापूरला दोन मुक्काम करा, दादा. लोक सकाळी येऊन दुपारी निघून जातात, ते मला मुळीच पटत नाही. ते भग्नावशेष असले तरी पूजा आजही चालते. श्री महाबोधी वृक्ष हा बोधगयेच्या वृक्षाच्या फांदीपासून वाढलेला असून ती फांदी सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात नेली, अशी परंपरा आहे. पांढरे कपडे घातलेली कुटुंबे तेथे फुले घेऊन शांत बसलेली असतात. खांदे व गुडघे झाकणारे कपडे हवेत, पादत्राणे बाहेर काढावी लागतात आणि दुपारी दगड तापतात, म्हणून आईंसाठी जाड मोजे न्यावेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढणे तेथे अपमानकारक मानले जाते, हे मुलांना आधीच समजावून सांगावे.

उत्तर (धान उत्पादक, अर्जुनी मोरगाव तालुका, जि. गोंदिया)

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, परंतु तलावांचा उल्लेख राहिला. आमच्याकडे मामा तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातले सिंचनाचे तलाव आहेत, त्यामुळे मला तेथील तलाव पाहून जे वाटले ते कोणत्याही स्तूपापेक्षा कमी नव्हते. पोलोन्नरुवा या जुन्या राजधानीतला पराक्रम समुद्र हा बाराव्या शतकात पराक्रमबाहू राजाने सिद्ध केलेला विशाल तलाव आजही धानाला पाणी देतो. तेथील जुन्या कारागिरांनी पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, आत दगडी विहिरीसारखा चौकोन बांधून, सुटणाऱ्या पाण्याचा जोर आधी त्यात मोडण्याची युक्ती योजली होती. तिला ते बिसोकोटुवा म्हणतात. आपले किती तलाव गाळाने भरून गेले, याचे मला तेथे फार वाईट वाटले. आईंना गुडघ्यांमुळे चढता येणार नाही, पण तलावाच्या सपाट पाळीवर संध्याकाळी फिरता येईल.

प्रश्नकर्ता

सर्वांचा मनापासून आभारी आहे. फेब्रुवारीच ठरवतो. आई पूर्ण शाकाहारी आहे, तिच्या जेवणाचे काय? आणि समुद्रासाठी कोणते गाव निवडावे?

दर्यापूरच्या ताई

भात, मसुरीच्या डाळीचे परिप्पू आणि नारळाच्या रसातल्या भाज्या सगळीकडे मिळतात. मात्र खोबऱ्याच्या सांबोलात, म्हणजे तिकडच्या चटणीत, बहुधा सुक्या मासळीचा चुरा असतो, म्हणून दर वेळी विचारून घ्यावे.

समुद्रासाठी गाले किल्ल्याजवळचे उनवटुना घ्या. तेथील उपसागर बराच आडोशाचा आहे, तरीही लाल झेंडा असेल तर मुलांना पाण्यात उतरू देऊ नये. सिगिरियाहून तिकडे जाण्यात पूर्ण दिवस जातो, त्यामुळे तीन मुक्काम तेथेच ठेवावेत. आईंना सकाळी सातच्या आत वाळूवर न्या. सासूबाई पहिल्या दिवशी फक्त घोट्यापर्यंत पाण्यात उभ्या राहिल्या होत्या, दुसऱ्या दिवशी मात्र त्यांना परत बोलवावे लागले.