गरोदरपणात माती खाणं: डोहाळे की आजार?

खानापूर_पोषण: पोटुशी बाई चुलीची माती, पाटीची पेन्सिल, खडू खाऊ लागली की आपल्या सीमाभागात घरचे ‘डोहाळे लागलेत’ म्हणून विषय मिटवतात. महिनाभर असं चाललं असेल तर तो पायका हा खाण्याचा आजारच धरावा आणि आधी रक्त तपासावं. हिमोग्लोबिन 11 च्या खाली म्हणजे रक्त कमी, 7 च्या खाली म्हणजे जिवाला धोका. रक्त कमी असलं की पुष्कळदा माती किंवा बर्फ खावासा वाटतो. त्यात माती खाल्ली तर ती जेवणातलं लोह पोटातच धरून ठेवते आणि रक्त आणखी उतरतं.

निपाणी_समुपदेशक: लगेच आजाराचा शिक्का मारू नका ओ. मानसोपचारात निदानासाठी वापरतात त्या डीएसएम-5 मध्येही गरोदरपणात अपाय होण्याइतकं खाल्लं तरच पायका म्हणावं असं आहे. समाजात रूढ असलेलं खाणं त्यात धरत नाहीत. शिक्का बसला की सासूचे बोल सुरू होतात आणि सून चोरून खाते. ‘माती खातेस काय?’ म्हटल्यावर उत्तर ‘नाही’च येणार. आशाताईंनी सासू बाजूला असताना विचारावं, ‘काय काय खावंसं वाटतंय? बर्फ, खडू, कच्चे तांदूळ, माती?’

खानापूर_पोषण: विचारायची रीत मान्य, बाकी नाही. अपाय दिसेपर्यंत थांबायचं कशाला? मातीतून जंतांची अंडी पोटात जातात. भाजकी माती चालते म्हणणाऱ्यांनाही सांगा: भाजल्यावर अंडी मरतील, शिसं असलं तर ते तसंच राहतं आणि वारेतून बाळापर्यंत पोचतं.

चिकोडी_परिचारिका: तांबड्या मातीनं रक्त वाढतं, हा समज आधी काढायला हवा. त्या मातीतलं लोह गंजाच्या रूपात असतं, आतडं ते जवळजवळ घेतच नाही. उपाय गोळीचाच. चौथ्या महिन्यापासून रोज एक, 180 दिवस. एका गोळीत लोह 60 मिलिग्रॅम, फॉलिक ॲसिड 500 मायक्रोग्रॅम. हिमोग्लोबिन 7 ते 10.9 असेल तर रोज दोन. चहाबरोबर घेतली तर निम्मं काम वाया जातं, म्हणून आधी-नंतर तासभर चहा नको. कॅल्शियमची गोळी दोन तास लांब ठेवा. शौच काळी होते, घाबरून गोळी बंद करू नये. जंताची अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅमची एकच गोळी, तीही दुसऱ्या तिमाहीत. महिन्यानं पुन्हा तपासून हिमोग्लोबिन एक ग्रॅमही चढलं नसेल तर मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. तिथं शिरेतून लोह देता येतं.

निपाणी_समुपदेशक: या गोळ्यांबद्दल वाद नाहीच. माझी काळजी वेगळी आहे. सगळं लक्ष मातीवर जातं आणि वजन वाढू नये म्हणून जेवून मुद्दाम उलटी काढणारी बाई सुटते, कारण ती ‘उलट्यांचा त्रास’ या नावाखाली झाकली जाते. साध्या उलट्या बहुतेकींच्या पाचव्या महिन्यापर्यंत थांबतात. जेवल्या जेवल्या न्हाणीघर गाठणं, बोटांच्या पेरांवर घट्टे, कानाखाली गाल सुजणं, दात झिजणं हे दिसलं तर शंका घ्या. पोटॅशियम उतरून हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून ते तपासून घ्यावंच. उलटीनंतर लगेच ब्रश नको, नुसती चूळ भरावी. ‘मूल मोठं झालं तर बाळंतपण अवघड जाईल’ म्हणून अर्धपोटी राहणारीलाही असंच वेगळं काढून बोलतं करावं लागतं.

खानापूर_पोषण: तिला आजारी म्हणताय, मग मातीवालीला का नको? अपाय दोघींनाही.

निपाणी_समुपदेशक: कारण मातीवालीची ओढ पुष्कळदा रक्त चढलं की आपोआप जाते. दुसरीची गोळ्यांनी जात नाही, तिला समुपदेशनच लागतं. त्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर आशाताईंजवळ असू द्या.